आमान रबुमाचं पोतं

मिनीबसच्या ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली, "तुमचं पोतं वास मारतंय," आणि माझ्या हातातली काचेची नळी टेबलावर पडली. फुटली नाही, नुसती गोल फिरत कडेपर्यंत गेली आणि थांबली. पोतं कसलं, मी विचारलं. "मला काय माहीत बू, साडेतीन महिने टायरांच्या मागे पडलंय. आम्ही गोदाम हलवतोय. ताकेंगोनहून आलंय, वर डोंगरातून. वरचा नंबर लागतच नाही. शेवटी आमच्या एका ड्रायव्हरनं नाव ओळखलं, म्हणाला, ही आमान रबुमाची रबुमा, मेदानला किड्यांच्या ऑफिसात असते. नेताय की फेकू?" मी नेते म्हटलं. समोरच्या टेबलावरच्या तोगारनं मान वर केली. हा बाताक जमातीचा माणूस कुजबुजला तरी दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातं. "कोण मेलं?" त्यानं विचारलं. त्याची ही नेहमीची थट्टा, कुणाचाही फोन आला की हेच विचारायचा. "कुणी नाही," मी म्हटलं, "पोतं आलंय." आणि मग माझ्या लक्षात आलं की साडेतीन महिने म्हणजे किती. माझे वडील जाऊन परवाच्या शुक्रवारी साडेतीन महिने झाले होते.

पोतं मोटारच्या बेचाकमध्ये, इथल्या तीनचाकी रिक्षात, पायाशी ठेवून आणताना मेदानचं ऊन, धूर, सगळं नेहमीसारखंच होतं, पण मला वास फक्त त्या पोत्याचा येत होता. इथं बाईमाणसाला सगळे बू म्हणतात; बेचाकवाला दोनदा मागे वळून बघत म्हणाला, "बू, आत काही मेलेलं नाही ना?" मी म्हटलं, उलट, जिवंत आहे. त्याला ते आवडलं नाही. झाडाखाली पडून काळ्या पडलेल्या कॉफीच्या फळांचा वास असतो तो, आंबूस, थोडा गुळासारखा, थोडा ओल्या गोणपाटासारखा. ज्यानं लहानपणी थंडीत बोटं आखडेपर्यंत ती फळं वेचली नाहीत त्याला तो वास म्हणजे नुसती घाण. पोत्याला जोडलेली पावती मी तीन वेळा वाचली. पाठवणार : आमान रबुमा. घेणार : रबुमा. खाली आमच्या ऑफिसच्या जुन्या लँडलाइनचा नंबर. तो फोन ऑफिसनं कधीच बंद केला, पण वडिलांना तोच तेवढा पाठ होता. मोबाइलमध्ये माझा नंबर होता त्यांच्या, पण तो त्यांच्या लेखी मोबाइलचा नंबर होता. पोत्याचा नंबर वेगळा.

आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं पुसली जातात. मी बुधवारी जन्मले म्हणून रबुमा, आणि त्या दिवसापासून माझे आमा झाले आमान रबुमा, रबुमाचा बाप, आणि आई झाली इनेन रबुमा. आमांचं खरं नाव मी पहिल्यांदा त्यांच्या ओळखपत्रावर वाचलं तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मला ते कुणा परक्या माणसाचं वाटलं होतं. मी शिकायला मेदानला आले, इथंच नोकरीला लागले, लग्न जमलं नाही म्हणून केलं नाही, कुणाची इनेन झाले नाही. मी गावात नव्हते, पण माझं नाव गावात दिवसभर चालू होतं. आमान रबुमा, चहा घेता का. आमान रबुमा, तुमची बकरी आमच्या बागेत शिरलीय. आमान रबुमा, उद्या फवारणी आहे ना. सुट्टीला गेले की रस्त्यावरून जाताना मी उगाच वळून बघायची, आणि लोक हसायचे, "तुला नाही गं, तुझ्या बापाला." मला तेव्हा त्याचा राग यायचा. माझं नाव, आणि मलाच नाही.

चौदा वर्षांपूर्वी ईदेला घरी गेले होते. इने, म्हणजे आई, नुकतीच गेली होती, घरात आम्ही दोघंच, आणि दुःखाचं काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही ओट्यावर बसून कॉफीची फळं कापत होतो. किडलेली हिरवी फळं. फळाच्या बेंबीला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, तिथून ती काळी मादी आत शिरते आणि मग दाण्यात घर करून पोरंबाळं वाढवते. एकदा आत गेली की कुठलंही विष तिच्यापर्यंत पोचत नाही. मी ब्लेडनं कापत होते, ते मोजत होते. एका फळात किडा अर्ध्या वाटेतच मरून पडला होता, मऊ, काळपट, बोट लावलं तर चिखल होईल असा. मग दुसरा. मग एकाच झाडावर सात. आमांनी विचारलं, "यांना काय झालं?" मी म्हटलं, "यांना कुणीतरी खाल्लं, आतून." त्यांनी तंबाखूची डबी रिकामी केली, उकळत्या पाण्यानं धुतली, चुलीवर कोरडी केली आणि माझ्यापुढे धरली. "ने," म्हणाले. "तुला पुढं काय करायचं ते माहीत असेल." त्या डबीतून मी मेदानला जे नेलं तो आमच्या बागेच्या मातीतलाच जिवाणू होता. कुणी बनवलेला नव्हे, इथंच कुठंतरी पालापाचोळ्यात पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला. ऑफिसात त्याला तेरा नंबर दिला. गावात त्याला कुणी तेरा नंबर म्हटलं नाही. तिथं ते रबुमाचं औषध झालं.

पहिल्या वर्षी मी आमांना सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हा सांगायची हौस होती. की हे औषध जिवंत आहे. की याला ऊन सोसत नाही, भर दुपारी मारलं तर तासाभरात मरून जातं, म्हणून सावली माणसाच्या दुप्पट झाल्यावरच मारायचं. की किडा बेंबीशी असतानाच ते त्याच्या पोटात गेलं पाहिजे, आठ दिवस इकडे की तिकडे झाले तर सगळं वाया. आणि की ऑफिसात आम्ही याला मांसाचं पाणी, साखर असलं भरपूर खायला घालतो, आयतं मिळतं म्हणून हा किडा मारायचं हळूहळू विसरतो. म्हणून मधूनमधून त्याला किड्याच्या पोटातून काढावं लागतं, खरा किडा खाऊ घालावा लागतो, म्हणजे तो आपलं काम लक्षात ठेवतो. आमा खूप वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे शहरात गेल्यावर मधूनमधून घरी यावं लागतं." मी हसले. "तसंच," म्हटलं. त्यांनी मनावर घेतलं. दर पंधरा दिवसांनी एक पोतं यायला लागलं. जमिनीवर पडलेली काळी फळं, आत जिवंत किडे. शेजारचे त्यांना म्हणायचे, आमान रबुमा कोंबडीसारखे दिवसभर जमीन टोकरतात. पण खाली पडलेली फळं वेचली की किड्याला पुढच्या हंगामापर्यंत लपायला जागा राहत नाही, हेही मीच सांगितलं होतं, आणि त्यांना एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. तीन, खरं तर. पोतं चढवलं की त्यांना मला फोन करायला निमित्त मिळायचं. "पोतं निघालं." "बरं, आमा." "उद्या सकाळी पोचेल." "बरं." एवढंच.

तीन वर्षं पोती आली. मग एकदा एका पोत्याला भोक पडलं, किडे ऑफिसभर झाले, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांच्या कॉफीच्या डब्यात सापडले. तोगारनं महिनाभर माझी टर उडवली, "बू रबुमाच्या माहेरची माणसं आलीयत, चहा टाका." मी त्या दिवशी घाईत होते, लाजलेली होते, आणि आमांचा फोन आला, पोतं निघालं. मी म्हटलं, "आमा, आता पोती नका पाठवू. आता आम्ही मोठे झालोय, डीप फ्रीझर आलाय, लागत नाहीत."  मग म्हणाले, "बरं. मोठे झालात तर बरंच." एवढंच. फ्रीझर होता, पण वीज दिवसाआड जायची, त्यामुळे मी तेरा नंबरला दर महिन्याला या नळीतून त्या नळीत नेत राहिले. किडे पाळणं म्हणजे जिवाला घोर, ताजी फळं आणा, ओल सांभाळा, ते मरून जातात, बुरशी येते. पुढच्या महिन्यात करू. पुढच्या हंगामात करू. अकरा वर्षं मी त्याला एकही किडा दाखवला नाही. हे लिहायला सोपं आहे. त्या अकरा वर्षांत मी कधी स्वतःशी हे असं, इतक्या सोप्या वाक्यात म्हटलं नाही.

गावात एकोणीस बागा हे औषध वापरत होत्या आणि सगळ्यांची फवारणी आमाच करायचे. वेळेचं गणित दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. ते सत्तरीतही पाठीवर पंप घेऊन एकेका संध्याकाळी एकेक बाग करायचे. गेल्याच्या गेल्या हंगामात किडा आला आणि गेला नाही. मागच्या हंगामात त्यानं सगळं खाल्लं. दाणे इतके पोखरलेले की सोलताना बोटांत चुरा व्हायचा. आमांनी फोन केला. आवाज नेहमीसारखा. "रबुमा, यंदा माझ्या हातून चुकलं. गुडघे धरले होते, संध्याकाळी जमेना. भर दुपारी फवारलं. औषध उन्हानं गेलं. गावात सगळ्यांना मी सांगितलंय मशिदीच्या आवारात, की औषध चांगलं आहे, चूक माझी." मी म्हटलं, "आमा, असं कसं केलंत?" मी त्यांना रागावले. खरोखर रागावले, वर दोन वाक्यं शिकवलीसुद्धा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि त्याच आठवड्यात वार्षिक अहवालात लिहिलं : एकोणीस बागांत अपयश, कारण भर उन्हात फवारणी, वापरणाऱ्याची चूक. खाली सही केली. सही करताना मला काय वाटलं ते मला नीट आठवतं, म्हणून सांगते. मला हायसं वाटलं.

आमा गेले तेव्हा मला पोचायला बारा तास लागले. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं, आमान रबुमा वारले. माझं नाव घेऊन सगळ्या डोंगरावर सांगितलं, आणि मी त्या वेळी बिरूएनच्या घाटातल्या वळणांवर खिडकीला डोकं टेकून ओकत होते. पोचले तोवर मातीही देऊन झाली होती. घर माणसांनी भरलेलं, हातात चहा, आणि एकेक जण माझ्यापाशी येऊन बसायचा, आणि का कोण जाणे, प्रत्येक जण तेच बोलायचा. "म्हातारपणी काय बुद्धी झाली बघ तुझ्या बापाला, भर दुपारी फवारलं." "ऊन लागलं गं औषधाला, नाहीतर औषध काय वाईट होतं?" इनेन साफरी, जिची सगळी बाग गेली होती, तीसुद्धा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "दुपारीच मारलं त्यांनी, दुपारीच." मला ते टोमणे वाटले. मेलेल्या माणसाला नावं ठेवतायत म्हणून मला त्यांचा संताप आला. आणि संतापाच्या खाली, त्या दिवशीही, माती ओली असताना, ते हायसं वाटणं होतंच. फक्त आमांचे धाकटे भाऊ, माझे आमा उचक, काही बोलले नाहीत. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी समजले, भाऊ गेलाय, असणारच.

पोत्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी होती. आमांचं अक्षर मोठं, पाटी लिहिल्यासारखं. "रबुमा, हे किडे आपल्याच बागेतले. औषधाला खाऊ घाल. खूप दिवस झाले. – आमा." तारीख होती. मंगळवार. ते गेले शुक्रवारी. मी ती चिठ्ठी वाचली आणि खुर्ची शोधली. खूप दिवस झाले. चौदा वर्षांपूर्वी ओट्यावर बसून एकदा सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, आणि सांगणारी विसरली होती. त्यांना कळलं होतं तर. कधी कळलं असेल? पहिल्या वर्षीच, की दुसऱ्या, की फोनवर मी त्यांना रागावत होते तेव्हाच? पण नाही. कदाचित खरंच दुपारी मारलं असेल. गुडघे खरंच दुखत असतील. आता मला ते खरं हवं होतं, माझ्यासाठी नव्हे, म्हणजे माझ्यासाठीच, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्यांनी दुपारी मारलं असेल तर चूक त्यांची, आणि चिठ्ठी नुसती चिठ्ठी. नसेल मारलं, तर मी माझ्या बापाला मेल्यावरही ऑफिसच्या कपाटात गुन्हेगार करून ठेवलंय.

हे कळायला एकच वाट होती. पोत्यातली फळं मी चाळणीत ओतली. साडेतीन महिन्यांनंतरही कितीतरी किडे जिवंत होते, तीळ चालावेत तसे चालणारे. ऑफिसच्या मागच्या कॉफीच्या झाडांची हिरवी फळं आणली, ऐंशी बशा मांडल्या. चाळीस फळं तेरा नंबरच्या पाण्यात बुडवली, चाळीस साध्या पाण्यात. एकेका फळावर एकेक किडा. खिडक्यांना जाड कागद लावला, उन्हाची तिरीपसुद्धा आत येणार नाही असा. तोगार शेजारी उभा राहून बघत होता. "बू, हे कुणी मागितलंय?" "माझ्या वडिलांनी." तो एरवी काहीतरी बोलला असता. त्या दिवशी त्यानं बाह्या वर केल्या आणि उरलेल्या बशांवर नंबर घालायला लागला. "माझा बाप तोबा तळ्याच्या काठी मासे धरायचा," थोड्या वेळानं म्हणाला, "मी दहा वर्षं गेलो नाही. मग गेलो, तर तळं तेवढं होतं." आणि नंबर घालत राहिला, एकोणीस, वीस, एकवीस.

सात दिवस मी रोज सकाळी भिंगातून बघितलं. पहिल्या दिवशी किडे बेंबीशी आले. दुसऱ्या दिवशी भोकं पडली. औषध चांगलं असतं तर चौथ्या दिवसापर्यंत ते अर्ध्या वाटेत थांबायला हवे होते. चौथ्या दिवशी प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पिवळट भुशाचा छोटासा ढीग होता. आत काम चालू असल्याचा पुरावा. सातव्या दिवशी मी ब्लेड घेतलं, ओट्यावर बसून कापायचो तसं एकेक फळ कापलं, आणि तोगार मोजत गेला. औषधाची चाळीस, जिवंत चाळीस. साध्या पाण्याची चाळीस, जिवंत एकोणचाळीस. साध्या पाण्यातला तो एक तेवढा मेला होता, आपल्या मरणानं. तोगार हळूच म्हणाला, त्याचा हळू म्हणजे काय ते मी सांगितलंच, "बू, लिहा की पुन्हा करून बघायला हवं. असं लिहितात." मी कपाटातून अहवाल काढला. 'वापरणाऱ्याची चूक' या शब्दांवर आडवी रेघ मारली, कागद फाटेपर्यंत, आणि वर लिहिलं : औषध निकामी झालेलं होतं. दिलं मी. त्याखाली तारीख आणि सही. हे पान वर पाठवलं की माझं काय होईल ते होईल. ते मला अवघड वाटलं नाही. अवघड होता तो गावातला फोन. एकोणीस बागांना, आमा ज्या आवारात उभे राहून खोटं बोलले त्या आवाराला, खरं सांगायचं होतं. त्यांच्या नावावरचा डाग पुसायचा होता. आणि त्यांचं नाव म्हणजे तरी कुणाचं.

आमा उचकांनी फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी लाकूड फोडत होतं. मी सगळं एका दमात सांगितलं, चाळीसचे चाळीस जिवंत, अकरा वर्षं, अहवाल, सगळं. शेवटी म्हटलं, "आमा उचक, त्यांनी दुपारी मारलं नव्हतं. गावात सांगा. सगळ्यांना कळलं पाहिजे."

"काय कळायचंय?" ते म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, तुझा बाप सावली बघितल्याशिवाय नाक शिंकरायचा नाही. तो दुपारी फवारेल? आणि एकोणीस बागा दुपारी फवारत फिरत होता तेव्हा आम्ही कुठं होतो, तळ्याच्या तळाशी? इनेन साफरीच्या बागेत संध्याकाळी अंधारून येईस्तोवर होता. तिनंच तर त्याला चहा दिला."

"मग... तेव्हा बोलला का नाहीत कुणी?"

"म्हातारा माणूस आवारात उभा राहून सगळ्यांसमोर सांगतोय, चूक माझी, पोरीच्या औषधाची नाही. त्याला तिथं खोटं पाडायचं? बागा गेल्या त्या गेल्या. आम्ही म्हटलं, बरं, दुपारीच मारलं. मग तू आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं सगळ्यांनी. त्याची इच्छा होती तशी."

म्हणजे ते टोमणे नव्हते. ओल्या मातीवरून आलेली ती माणसं, पोखरलेल्या बागांची, एकेक करून माझ्यापाशी बसून माझ्यावर पांघरूण घालत होती, आणि मी त्यांच्यावर संतापले होते.  पलीकडे लाकूड फोडणं थांबलं.

"पण एक विचारू?" आमा उचकांचा आवाज बदलला. "पोतं तुला मिळालं होतं ना? मीच मोटारसायकलवर घालून मिनीबसला चढवून आलो होतो."

"आठ दिवसांपूर्वी मिळालं. टायरांच्या मागे पडलं होतं."

 "आठ दिवसांपूर्वी," ते म्हणाले. "मला वाटलं, मिळालं आणि तू गप्प बसलीस. म्हणून मी तेव्हा तुझ्याशी बोललो नाही. तो बुधवारी विचारत होता, रबुमाचा फोन आला का. गुरुवारी विचारलं. तूच कर म्हटलं, तर म्हणाला, चिठ्ठी आहे आत. शुक्रवारी सकाळी धाप लागली होती, तरी विचारलं. मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, ती कामात असेल, आता ते मोठे झालेत."

मी फोन कानाला धरून रडले, ऑफिसात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तोगारनं उठून दार लावून घेतलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. आमा उचकांनी मला रडू दिलं, फोन ठेवला नाही. मग त्यांनीच घसा खाकरला. बागेत फळं पडायला लागलीत म्हणाले, खाली नुसता काळा सडा आहे, वेचायला कुणी नाही. मजूर बघायला हवेत, पण नव्या माणसांना बाग सापडत नाही. "मग सांगता काय त्यांना?" मी कसंबसं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"काय सांगणार? आमान रबुमाची बाग कुठली म्हणून विचारत जा, म्हणतो. दुसरं नावच नाही त्या वाटेला." मग म्हणाले, "तू ये. आणि येताना ते पोतं घेऊन ये. चांगलं होतं पोतं."